पायाचं हाड जबड्यात: दादाच्या ऑपरेशनचा अनुभव

दादाचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, गाठ सगळी निघाली न्हवं? निघाली, अंबाबाईच्या कृपेनं आणि डॉक्टरांच्या हातानं निघाली. पण काढलेल्या जागी काय बसवलं हे कुणीच विचारत नाही. आमचं निम्मं ऑपरेशन तेच होतं आणि नंतरचे सगळे महिने त्या निम्म्याच्याच मागं गेले. ज्यांच्या घरात आत्ता बायोप्सीचा रिपोर्ट आलाय आणि डोकं बधिर झालंय, त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतोय, जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कोल्हापुरात उद्यमनगरात पॅटर्नमेकर, फाउंड्रीला लागणारे लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरनं ओतकामाचा साचा घेतात ते नमुने, करायचं काम, वीस-बावीस वर्षं तेच. मावा खायचा, आमच्याकडं कोण खात नाही, टपरीवर प्लास्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू, चुना घालून मळून देतात तो. मग तंबाखू सोडली आणि सगळ्यांना सांगत सुटला की मी आता नुसती सुपारी खातो, सुपारीनं काय होत नाही. होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ सालीच नुसत्या सुपारीला सुद्धा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या यादीत टाकलंय, तंबाखू मिसळलेली असो नाहीतर नसो. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी घेऊन तोंडात एकत्र करायला कुणाची बंदी हो?

सुपारीनं आधी त्याचं तोंड आखडलं. गालाच्या आतली कातडी पांढरट, कडक झाली, मिसळीचा कट तोंडाला लावता येईना, झोंबायचं. मोठा घास जाईना. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा, जात नसतील तर डॉक्टरला दाखवा, ह्याला फार अक्कल लागत नाही. दादाची दीड जायची. मग डावीकडची खालची दाढ हलायला लागली, एका डेंटिस्टनं ती काढली आणि ती जखम भरेचना, उलट तिथं कोबीच्या फुलागत मांस वाढलं. दुसऱ्या डेंटिस्टनं टॉर्च मारला, एक शब्द न बोलता चिठ्ठी लिहिली आणि कॅन्सरच्या सर्जनकडं पाठवलं. त्या बाईंचे उपकार आहेत आमच्यावर.

बायोप्सीवरून घरात एक रामायण झालं. काकांचं म्हणणं, सुई लावली की पसरतोय, हात लावू नका, अमुक गावात एकजण पावडर देतोय. वहिनी तशी कधी मोठ्यांपुढं बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "पावडर तुमी खावा मामा, ह्येंला मी उद्या घेऊन जातो." आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामा म्हणतात आणि बायका पण येतो-जातो असंच म्हणतात, बाहेरच्यांना मजा वाटते. आणि गेली पण घेऊन. बायोप्सीनं पसरत नाही हे डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं, तुकडा काढल्याशिवाय कुठला कॅन्सर आणि काय करायचं हेच कळत नाही. रिपोर्ट स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तोंडाचे बहुतेक कॅन्सर ह्याच जातीचे असतात.

सीटी स्कॅन झाला, त्यात जबड्याचं हाड खाल्लेलं दिसलं आणि मानेत एक गाठ. डॉक्टर म्हणाले स्टेज चार ए. ह्या वाक्यानंतर आम्ही पुढचं काहीच ऐकलं नाही. चौथी स्टेज म्हणजे संपलं, हेच डोक्यात. बाहेर बाकावर वहिनी रडायला लागली, दादा मोबाईल बघत बसल्याचं नाटक करत होता. मी परत आत गेलो आणि विचारलं, तर सर्जन म्हणाले, तोंडाच्या कॅन्सरमध्ये हाडात शिरलं की गाठ केवढी का असेना, ती चौथीत धरतात, पण चार ए म्हणजे काढता येण्यासारखं, आणि आम्ही काढायलाच बसलोय. नुसता चारचा आकडा ऐकून पेशंट घरी नेणारी माणसं त्यांनी बघितलीयत. म्हणून तुम्ही तो ए का बी आहे हे विचारून घ्या, लई फरक आहे त्यात.

मुंबईला टाटाला न्यायचं का इथंच करायचं, ह्यावर घरात चार मतं. टाटाला नेलं असतं तरी चांगलंच झालं असतं, पण ऑपरेशननंतर रेडिएशन सहा आठवडे रोज, तिथं राहायचं कुठं, पुतणीची बारावी, आणि वहिनीशिवाय दादा दोन घास खात नाही. रिपोर्ट पाठवून टाटाच्या तज्ज्ञांचं मत ऑनलाइन घेता येतं, 'नव्या' (Navya) असं त्या सेवेचं नावच आहे, ते घेतलं, त्यांनी पण हेच ऑपरेशन सांगितलं. मग कोल्हापुरातच करायचं ठरलं. हॉस्पिटलात बघितलं तर निपाणी, बेळगाव, सिंधुदुर्ग, चंदगड, कुठनं कुठनं माणसं इथं आलेली, आणि आम्ही इथले असून मुंबईचा विचार करत होतो.

आता मुख्य गोष्ट. सर्जननी केसपेपरच्या पाठीमागं पेनानं जबडा काढला आणि डावीकडचा कोपऱ्यापासून हनुवटीच्या अलीकडपर्यंतचा तुकडा रेघा मारून खोडला. म्हणाले, हा एवढा जाणार, वर गालाचं आतलं अस्तर जाणार, गाठीच्या कडेनं सगळीकडून साधारण सेंटिमीटरभर चांगला भाग पण जाणार, कारण कडेला पेशी राहिल्या तर परत येतो. आणि मानेतल्या गाठी सगळ्या, म्हणजे सगळ्यांच्याच मानेत असतात त्या लसिकाग्रंथी, कॅन्सर पहिला तिथं उतरतो. मग त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, काढायचं माझ्याकडं, भरायचं प्लास्टिक सर्जनकडं, त्यांना उद्या भेटा. तोपर्यंत मला प्लास्टिक सर्जरी म्हणजे नट्यांची नाकं एवढंच माहीत.

प्लास्टिक सर्जननी तीन पर्याय मांडले. पहिला छातीचा फ्लॅप (फ्लॅप म्हणजे जागा भरायला दुसरीकडनं आणलेलं जिवंत मांस-कातडी), छातीवरचा स्नायू आणि त्याच्यावरची कातडी त्याच्या रक्तवाहिनीसकट वर वळवून मानेतनं तोंडात आणायची. रक्ताची लाईन तुटत नाही म्हणून भरवशाचा, वेळ कमी, खर्च कमी, मायक्रोस्कोप लागत नाही. पण हाड येत नाही, जबडा एका बाजूला सरकतो आणि सुरवातीला गाल जड दिसतो. दुसरा हाताची नाहीतर मांडीची कातडी पूर्ण कापून आणून मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडायची, गालाला एकदम चांगला, पण हाडाचा प्रश्न तिथंच. तिसरा पायाचा. नडगीच्या शेजारी जे बारीक हाड असतं, फिब्युला, ते त्याच्या रक्तवाहिनीसकट आणि वरच्या कातडीसकट काढायचं, तुकडे करून जबड्याच्या आकारात वाकवायचं, टायटॅनियमच्या प्लेटनं बसवायचं आणि कातडीनं गालाचं आतलं अस्तर करायचं. वहिनीनं पहिलं विचारलं, मग चालणार कशानं? तर अंगाचं वजन मुख्य नडगीच घेते, बारीक हाडाचा गुडघ्याकडचा आणि घोट्याकडचा सहा-सात सेंटिमीटरचा भाग तसाच ठेवतात, मधलं गेलं तरी माणूस चालतो.

इथं एक सांगतो, छातीचा म्हणजे हलका आणि पायाचा म्हणजे भारी असलं काही डोक्यात घेऊ नका. शेजारच्या कॉटवर गडहिंग्लजकडचे एक आजोबा होते, सत्तरीचे, शुगर, हार्ट अटॅक येऊन गेलेला, त्यांना छातीचाच केला आणि ते आमच्या आधी घरी गेले, मजेत. दादाचं वय अठ्ठेचाळीस, शुगर नाही, पुढं दात बसवायचे झाले तर हाड पाहिजे, म्हणून पायाचा ठरला. पण हे ठरताना तुम्ही तिथं बसलेलं पाहिजे आणि विचारलं पाहिजे की माझ्या पेशंटला हाच का. आम्ही विचारलं म्हणून ह्या गोष्टी कळल्या.

ऑपरेशनच्या आधी सीटीवरनं दादाच्या जबड्याचं प्लास्टिकचं थ्रीडी मॉडेल करून आणलं, त्याच्यावर प्लेट आधीच वाकवून ठेवायची, म्हणजे ओटीत वेळ वाचतो. सर्जननी ते दादाच्या हातात दिलं. आणि आमचा दादा, जो आठवडाभर कुणाशी बोलला नव्हता, त्यानं ते उजेडाकडं धरलं, अंगठा फिरवला, उलटं करून बघितलं, म्हणाला, "रेडियस बराबर हाय की. पण सर, श्रिंकेज धरलंय काय?" पॅटर्न करताना धातू गार होऊन आटतो म्हणून माप थोडं जास्तीचं धरतात, ते हा विचारायला लागला. सर्जन आधी बघतच राहिले, मग हसले, म्हणाले हाड आटत नाही हो. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

बाकी तयारी भरपूर. पायाची सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, कारण काही माणसांत पावलाला रक्त मुख्यतः त्याच वाहिनीनं जातं जी ते काढणार असतात, मग ती घेता येत नाही. पुढं रेडिएशन लागणार हे दिसत होतंच, म्हणून खराब दात आधीच बघून ठेवले, रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड कुजायची भीती असते म्हणे. रक्तासाठी तालमीतली पोरं आली, एका फोनवर, गरजेपेक्षा जास्तच आली. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत केस बसली, रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राच्या काउंटरला पहिल्याच दिवशी जा, मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं. थ्रीडी मॉडेल, प्लेट, बाहेरची औषधं ह्यातलं काय योजनेत आणि काय खिशातनं हे ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. आमचा काही खर्च खिशातनं झाला, मुख्यमंत्री सहायता निधीला पण अर्ज टाकला होता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नेलं ते रात्रीच बाहेर आणलं. तोंड दीडच बोट उघडत होतं म्हणून भूल द्यायची नळी नाकातनं, दुर्बिणीनं, जागेपणीच घालावी लागली. मग दोन टीम एकाच वेळी, एक तोंडाशी, एक पायाशी. ह्याला म्हणून वेळ लागतो, रक्तवाहिन्या दोन-अडीच मिलिमीटरच्या, केसापेक्षा बारीक दोऱ्यानं मायक्रोस्कोपखाली शिवायच्या, आधी धमनी, मग शीर. मधे एकदा ज्युनिअर डॉक्टर बाहेर आले, म्हणाले गाठ निघाली, कडा तपासायला पाठवल्यात, आता जोडकाम चालू. आम्ही नुसतं हात जोडले. काका जोतिबाला नवस बोलून मोकळे झाले.

आयसीयूत पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओळखला नाही. तोंड सुजून डबल, गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी, नाकात जेवणाची नळी, मानेतनं साठलेलं रक्त-पाणी काढायच्या दोन नळ्या (ड्रेन), पायाला पट्टी, मांडीची कातडी काढून पायाच्या जखमेला लावलेली म्हणून मांडीला पण पट्टी. कुणी आधी फोटो दाखवला असता तर बरं झालं असतं. तुमच्यातलं काळजानं हलकं कोण असेल त्याला पहिल्या दिवशी आत पाठवू नका. सूज दोन-तीन आठवड्यांत भरपूर उतरते.

आणि मग फ्लॅप बघणं. दर तासाला सिस्टर यायची, टॉर्च मारून तोंडातल्या त्या नव्या कातडीचा रंग बघायची, बोट लावून गरम आहे का बघायची, दाबून सोडल्यावर रंग परत येतो का बघायची, मधनंच सुई टोचायची. लालभडक रक्त हळू आलं तर पास. पांढरं, गार पडलं, रक्तच येईना म्हणजे आत येणारं रक्त बंद. निळं पडलं, फुगलं आणि टोचल्याबरोबर काळपट रक्त आलं म्हणजे बाहेर जाणारं बंद. पहिले दोन-तीन दिवस हा धोका असतो, शंभरातले चार-पाच फ्लॅप जातात हे आधीच सही घेताना सांगितलेलं, आणि वेळेत लक्षात आलं तर परत ओटीत नेऊन वाचवता पण येतात, म्हणून तर तासातासाला बघतात. मान एका ठराविक बाजूलाच, रूम गार ठेवायची नाही, आणि गळ्यातल्या नळीची नाडी मानेभोवती बांधायची नाही, नळी कातडीला टाक्यानं शिवलेली, कारण नाडीनं मानेतली ती नवी जोडलेली वाहिनीच दाबली जाते. एका रात्री रंग जरा काळसर वाटला. सिस्टरनं दुसऱ्यांदा टॉर्च मारला तिथंच मला कळलं की काहीतरी आहे. रेसिडेंट डॉक्टर पळत आले, बघितलं तर दादाची झोपेत मान वळलेली आणि ड्रेसिंगची पट्टी ताणलेली. मान सरळ केली, पट्टी कापली, आणि मग आम्ही तिघं त्या कातडीकडं बघत उभे. रंग परत आला. त्या सिस्टरला नंतर पेढे द्यायला गेलो तर ती रजेवर, दुसरीला दिले.

गळ्यात नळी म्हणजे आवाज नाही. पाटी दिली होती, पण दादाचं अक्षर पहिल्यापासूनच देवनागरीचा अपमान, मग मोबाईलवर टाईप करायला लागला. पहिला मेसेज, पाणी. दुसरा, मांडी जळतीया. खरंच, जबड्यापेक्षा मांडीची सोललेली जागा जास्त दुखते, हे तिथल्या सगळ्याच पेशंटांचं म्हणणं. नळीतनं कफ ओढायचं सक्शन हे सगळ्यात वाईट, त्याचा आवाज आला की दादा कॉटची कड धरायचा. साधारण आठवड्यानं नळी बंद करून बघतात, श्वास नीट चालला की काढतात, भोक आपोआप भरतं.

वॉर्डात एकजण जिभेच्या अगदी लहान कॅन्सरसाठी आले होते, त्यांचा पोरगा चिडलेला, गाठ जिभेला तर मान का कापली, मानेत तर काही लागत पण नव्हतं. डॉक्टरांनी त्याला टाटाच्याच अभ्यासाचं सांगितलं, २०१५ मध्ये छापून आलेला, लवकरच्या स्टेजच्या पेशंटांत मानेच्या गाठी पहिल्यांदाच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, आणि गाठ दिसेपर्यंत थांबून नंतर काढल्या तर ६७.५ टक्के. पोरगा गप्प झाला. मी पण मनात म्हटलं, हे ऑपरेशनच्या आधी सांगायला पाहिजे होतं बिचाऱ्याला. बायकांच्या वॉर्डात गेलात तर बहुतेक मशेरी लावणाऱ्या. तंबाखू भाजून दाताला घासतात, चूळ भरून थुंकून टाकतात म्हणून ती तंबाखूत धरतच नाहीत. आमच्या आईची पण डबी त्याच आठवड्यात वहिनीनं गायब केली.

घरी आल्यावर नाकातल्या नळीचं राज्य सुरू झालं. दर दोन तासानं साधारण दोनशे मिली, मोठ्या सिरिंजनं, पेशंटला बसवून, हळूहळू, प्लंजर न दाबता आपोआप उतरू द्यायचं, शेवटी साधं पाणी घालून नळी धुवायची आणि अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. सांगायला सोपं आहे. वहिनीचं स्वयंपाकघर म्हणजे लॅब झाली. नाचणीची आंबील, मुगाच्या डाळीचं पाणी, दूध, उकडलेलं अंडं मिक्सरमधनं, डाएटिशियननं दिलेली प्रोटीनची पावडर. सगळं आधी चाळणीतनं, मग सुती फडक्यातनं, कारण एकदा डाळीचं एक टरफल अडकून रात्री अकराला नळी बंद पडली आणि हॉस्पिटलला पळायला लागलं. रविवारी मात्र मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. घरात बाकीच्यांना तांबडा-पांढरा आणि दादाला नाकातनं अळणी, चव तर लागत नव्हती, पण तो वास घेत बसायचा आणि मोबाईलवर लिहायचा, आज मीठ कमी हाय. काय वासावरनं कळतं व्हय मीठ? वहिनीनं चाखून बघितलं, खरंच कमी होतं. माझा एक चुलतभाऊ गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरनं रोज सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध आणायचा, आम्ही ते निमूट उकळून घ्यायचो, त्याला सांगितलं नाही.

ह्या दिवसांत घरातल्यांची खरी परीक्षा असते आणि ती बायकांवर पडते, हे मी स्वतः पुरुष असून सांगतोय. मी म्हणायचो वहिनी रात्रीचं मी घालतो, तर "मी करतो की भावजी, तुमी झोपा जावा, तुमास्नी कामाला जायाचंय." तिला पण कामाला जायचं असायचं.

मोठा रिपोर्ट आला, काढलेल्या सगळ्या भागाचा. ह्यात चार गोष्टी बघायला शिका: कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे गाठीपासून कापलेल्या कडेपर्यंत किमान पाच मिलिमीटर चांगला भाग आहे का, गाठ खोल किती, मानेतल्या किती गाठींत उतरलाय, आणि त्या मानेतल्या गाठीचं कवच फोडून बाहेर आलाय का. आमच्या कडा मोकळ्या, मानेत एक गाठ, कवच शाबूत. कवच फुटलं असतं किंवा कडेला राहिलं असतं तर रेडिएशनबरोबर केमो पण लागला असता. आम्हाला नुसतं रेडिएशन, ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप), ३० भागांत, आठवड्याचे पाच दिवस. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला पाहिजे, इथं लोक जखम भरू दे, लग्न होऊ दे करत ढकलतात, तसं करू नका.

चेहऱ्यावर जाळीचा मास्क गरम करून बसवतात, तो टेबलाला लॉक करतात, हलायचं नाही, काही मिनिटांचं काम. पहिले दोन आठवडे दादा स्वतः बसनं जाऊन यायचा. मग तोंड आलं, आख्खं. थुंकी चिकट, चव गेली, मानेची कातडी काळी पडून सोलली. नळी काढायची घाई केली नाही तेच बरं झालं. मीठ-सोड्याच्या गुळण्या, तोंड सुन्न करायचं औषध, आणि बोलायचं नाही. दादा आधीच कमी बोलणारा, तेवढं एक जमलं. संपल्यावर साधारण महिन्याभरानं तोंड भरत आलं, चव मात्र हळूहळू, आधी गोड कळायला लागलं, मग मीठ. तिखट अजून झेपत नाही, कोल्हापुरात राहून चटणी न खाणारा माणूस म्हणजे घरात रोजची थट्टा.

आणि व्यायाम. ह्याच्याबद्दल कुणी गंभीर नसतं. तोंड उघडायला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत घालायच्या, दर आठवड्याला एक काडी वाढवायची. नाही केलं तर रेडिएशननं तोंड परत आखडतं, आधीच सुपारीनं आखडलेलं. दादानं काड्या आणल्या नाहीत, वर्कशॉपला जाऊन सागवानाची पाचर करून घेतली, मिलिमीटरच्या खुणा मारून, पॉलिश करून. फिजिओवाल्या मॅडमनी तिचा फोटो काढून घेतला. खांद्याचा पण व्यायाम, मानेचं ऑपरेशन झाल्यावर हात वर जात नाही, दुखतो, शर्ट घालता येत नाही. डावा कान आणि खालचा ओठ बधिर, दाढी करताना कापलेलं कळत नाही, ओठाचा कोपरा जरा वाकडा, पाणी पिताना गळतं. ह्यातलं थोडं सुधारलं, थोडं तसंच राहणार म्हणे. पाय मात्र मस्त, वॉकर लवकर सुटला, आता रंकाळ्याला पूर्ण फेरी मारतो, फक्त अंगठ्यात जोर कमी.

रेडिएशननंतर डावा गाल थोडा आत बसला. चेकअपला दादा सर्जनना म्हणाला, "बघा, मी विचारलं होतं श्रिंकेजचं." आवाज थोडा बोबडा, पण समजतो, फोनवर अनोळखी माणसाला दोनदा सांगावं लागतं. सर्जन म्हणाले हाड नाही आटलं, मांस आटलं. दादा म्हणाला ते पण धरायचं असतं.

आणखी एक, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो, पायाची कातडी तोंडात गेली म्हणजे पायाचे केस पण गेले. काही दिवस तोंडात केस यायचे, जिभेला लागायचे, डॉक्टर चिमट्यानं काढायचे. रेडिएशननं बरेचसे बंद झाले. घाबरू नका, किळस पण करू नका, कातडी जिवंत आहे म्हणून केस येतात.

आता चेकअप चालू आहेत, पहिली दोन वर्षं परत यायचा धोका जास्त म्हणून सारखं बोलावतात, नंतर अंतर वाढतं. भाकरी दुधात कुस्करून खातो, मऊ भात, मासे, उजवीकडच्या दाढांनी चावतो. डावीकडं दात नाहीत. त्या पायाच्या हाडात स्क्रू बसवून दात लावता येतात, पण रेडिएशन दिलेल्या हाडात ते टिकतीलच असं नाही आणि खर्च मोठा. दादा म्हणतोय एका बाजूनं भागतंय, पैसे पोरीच्या ॲडमिशनला ठेवा. वहिनी म्हणतीय बसवायचेच, नाहीतर एवढं पायाचं हाड कशाला कापलं. पुढच्या चेकअपला दोघं एकमेकांची तक्रार डॉक्टरांकडं करणार आहेत, आणि मी आत्ताच सांगून ठेवलंय की मी वहिनीच्या बाजूनं आहे.